'व इतर माजी सैनिक' यांच्यापैकी एक

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कारगिल विजय दिनी आमच्या तालुक्याच्या गावी माजी सैनिकांचा सत्कार झाला. आपण त्याची बातमी फोटोसकट छापलीत, त्याबद्दल आभार. फोटोखाली व्यासपीठावरच्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची नावे आहेत आणि शेवटी 'व इतर माजी सैनिक'. त्या इतरांमध्ये उजवीकडून दुसरे, शाल खांद्यावरून घसरलेली, नारळ काखेत मारून भलतीकडेच बघणारे जे गृहस्थ आहेत, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. नाव लिहीत नाही. 'पेपरात माझं नाव आलं तर उद्यापासून वही दाखवणार नाही,' अशी त्यांनी तंबीच दिली आहे.

गावात त्यांना मेजर म्हणतात. आम्हा सातारकरांकडे हवालदार म्हणून निवृत्त झालेलाही मेजरच असतो. हे सुभेदार होते. मी त्यांना आबा म्हणतो. भरती झाले ते मराठा लाइट इन्फंट्रीत, रंगरुटी बेळगावला, मग 'जंगी पलटण', म्हणजे या रेजिमेंटची पहिली बटालियन. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण आताच्या बांगलादेशात जमालपूरला लढली, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. शाळेतली पोरे आबांना लढाईची गोष्ट सांगा म्हणून गळ घालतात. 'ब्रह्मपुत्रा ओलांडली, थंडी लई होती', इथे गोष्ट संपते. पण 'आबा, चावडीतल्या त्या फरशीवर काय लिहिलंय?' असे कुणी विचारू दे, की त्याचा चहा गार झालाच म्हणून समजा.

ही फरशी म्हणजे चावडीच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने अशा पाट्या गावोगाव लावल्या. या गावातून महायुद्धावर इतके लोक गेले, त्यांतले इतके कामी आले, असा दोन आकड्यांचा मजकूर. अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले हे सगळ्यांना माहीत आहे, त्या गावाच्या नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले. आमचे गाव तेवढे नावाजलेले नाही. आमच्याकडे दोन-तीन घरांत 'आजा बसऱ्याला गेला तो आलाच नाही' एवढीच आठवण उरली होती.

बसरा म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. तिथे कूत या गावाला तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने. अन्न संपले, घोडे कापून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. त्यानंतर कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत जे मेले ते वेगळेच. बसऱ्याचे स्मारक ४० हजारांहून अधिक मृतांचे आहे. पण हिंदी शिपायांच्या वाट्याला तिथेही पलटणीगणिक नुसती संख्याच आली. म्हणजे गावच्या पाटीवर आकडा आणि बसऱ्यातही आकडा. आबांचे डोके फिरले ते इथे. 'पलटणीत सकाळी हजेरी नावानं होते, आकड्यानं नाही,' असे ते म्हणतात.

मग त्यांनी नावे शोधायला घेतली, आणि ती कशी शोधली हे बघण्यासारखे आहे. त्या युद्धाचे ब्रिटिश पदक चांदीचे, चांगले जड. त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. ज्या घरातला आजा लढाईवर गेला होता, त्या घरी आबा जाऊन बसतात. आधी पाऊसपाणी, मग सोयरीक, आणि बऱ्याच वेळाने 'देवघरात एखादं जुनं बिल्लं आहे का वैनी?' ते निघाले की खिशातले भिंग काढायचे, पदक उभे धरायचे आणि कड हळूहळू फिरवत अक्षरे वहीत उतरवायची. कडेला चिकटलेले हळदकुंकू काढताना नख लावत नाहीत, ओल्या सुती फडक्याने टिपतात. किती घरांत 'सोनाराला दिलं, आत्याच्या लग्नात जोडवी केली' असे उत्तर मिळाले असेल! त्यावर आबा काही बोलत नाहीत. चहा घेतात आणि उठतात. मला मात्र दरवेळी चरफडायला होते.

बौद्धवस्तीत एका घरी १११ व्या महार पलटणीचे पदक निघाले. महारांची भरती इंग्रजांनी १८९२ साली बंद केली होती. १९१७ साली माणसे कमी पडू लागली तेव्हा ही पलटण उभारली आणि १९२१ साली मोडूनही टाकली. आमच्या गावातल्या कुणाला, त्या घरातल्या तरुण मुलांनाही, याचा पत्ता नव्हता. आबांनी ते नाव वहीत इतरांच्या रांगेत, भरतीच्या सालाप्रमाणे जिथे यायला हवे तिथे लिहिले. वहीत आळ्यांप्रमाणे पाने नाहीत.

नातवाने फोनवर युद्धस्मारकांच्या नोंदी शोधायला शिकवल्यापासून काम भराभर पुढे गेले. त्यात पुष्कळदा शिपायाच्या बापाचे नाव, गाव, तालुका असतो. स्पेलिंगे मात्र अशी, की आपलाच माणूस आपल्याला ओळखू येऊ नये.

कुणी म्हणेल, इंग्रजांच्या चाकरीत मेलेल्यांचे एवढे कौतुक कशाला? ग्रामसभेत हे बोललेही गेले. आबांनी वाद घातला नाही. 'कुणासाठी लढले ते तुम्ही ठरवा. मला नावं तेवढी लिहू द्या,' म्हणाले आणि खाली बसले. माझे स्वतःचे मत विचाराल, तर त्या वेळच्या कोरडवाहू गावातल्या पोराला पलटणीचा पगार का हवासा वाटला, हे विचारणाऱ्याने आपल्या आजीला विचारावे.

माणूस गोड आहे असे मी म्हणणार नाही. हट्टी आहे. मारुतीच्या देवळामागे एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणाचा कोरीव दगड, आहे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गाव म्हणते, तो शिवाजीमहाराजांच्या सरदाराचा. आबा म्हणतात, यादवांच्या काळातला असेल, महाराजांच्या आधी चार-पाचशे वर्षे. ऐन जत्रेत, पाहुण्यांदेखत म्हणतात! यावरून मानकऱ्यांच्या घरचे जेवणाचे आमंत्रण बंद झाले. पण त्याच दगडावर पोरे कपडे धूत होती तेव्हा तो उचलून सावलीत उभा करवला तो याच माणसाने. शेंदूर आणि ऑइलपेंट फासणाऱ्यांशी त्यांचे भांडण अजून चालू आहे.

आता पत्राचे कारण. आमची चावडी जीर्ण झाली आहे. दिवाळीनंतर ती पाडून ग्रामपंचायतीची नवी इमारत बांधायची आहे. आनंद आहे. पण भिंत पाडताना पाटीचे काय, हे अंदाजपत्रकात कुठेच नाही. जेसीबीला संगमरवर आणि विटा सारख्याच. पाटी आधी हाताने, गवंडी लावून काढावी, नव्या इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवावी आणि तिच्या शेजारी आबांच्या वहीतली नावे ग्रॅनाइटवर कोरून लावावीत, एवढी आमची मागणी आहे. खर्च फार नाही. सत्काराच्या मांडवाला याहून जास्त लागला असेल. आबांच्या वह्या तालुक्याच्या वाचनालयाने आत्ताच, ते समोर बसून शंका फेडू शकतात तोवर, स्कॅन करून ठेवाव्यात. त्यांच्या पश्चात त्या लाल शाईतल्या खाणाखुणा कुणाला लागायच्या नाहीत.

आणि एक विनंती आपल्या वाचकांना. यादीतली चार नावे अजून मिळालेली नाहीत. पदके लेकीबरोबर सासरी गेली असतील, कोरेगाव, खटाव, माण, कुठेही. आपल्या घरात असे जुने चांदीचे पदक असेल, तर मोडीत घालण्याआधी त्याची कड उजेडात धरून बघा आणि नंबर, नाव, पलटण पोस्टकार्डावर लिहून पाठवा. फोटो चालेल, पण समोरून काढू नका, कडेचा काढा. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. कोरेगाव, जि. सातारा