परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र: बावन्न हजार माणसांचं स्टेडियम झालं, आता लोकांनी घरी जायचं कसं?

ब्रिटनचे माननीय परिवहन मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. मी लिव्हरपूलच्या किर्कडेल भागात राहते, नर्स आहे, आणि माझा मुलगा इथल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचा कट्टर फॅन आहे. हेच सगळं मी आधी इंग्रजीत लिहून पाठवलं होतं, त्याला आपला संदेश मिळाला असं एक ऑटोमॅटिक उत्तर आलं आणि विषय संपला. म्हणून आता चारचौघांत, माझ्या भाषेत लिहितेय, म्हणजे निदान माझी माणसं तरी वाचतील.

आधीच सांगते, मी एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमच्या विरोधात नाही. क्लबचं जुनं मैदान गुडिसन पार्क १८९२ पासूनचं, तिथल्या लाकडी खुर्च्या, खांबाआडून बघायची मॅच, सगळं प्रेमाचं होतं पण नवीन मैदान हवंच होतं. नव्या मैदानाची जागा म्हणजे ब्रॅम्ली-मूर डॉक, ही गोदी १८४८ साली उघडली, जेसी हार्टली या इंजिनिअरने बांधलेली, आणि कित्येक वर्षं तिथे फारसं काही चालत नव्हतं. ती गोदी वाळू टाकून भरली, जवळपास ५ लाख घनमीटर वाळू समुद्राच्या तळातून उपसून आणली, आणि तिच्यावर हे उभं राहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बांधकामावर एक तरुण कामगार अपघातात गेला, सव्वीस वर्षांचा, स्वतः एव्हर्टनचाच फॅन. त्याचं नाव आमच्याकडे अजून लोक काढतात. म्हणजे या मैदानासाठी आमच्या शहराने काय काय मोजलंय ते आम्हाला माहितीय, आम्हाला विकासाचे फायदे समजावून सांगायची गरज नाही.

आम्हाला सांगितलं होतं की येण्याजाण्याची सोय होईल. परवानगीच्या वेळी, २०२१ च्या फेब्रुवारीत, वाहतुकीच्या आराखड्यांची पानंच्या पानं होती. मार्चमध्ये सरकारने पण ठरवलं की यात आम्ही हात घालत नाही, शहराने काय ते बघावं. तेव्हा सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं हे ठाऊक आहे, पण खुर्ची तीच आहे ना. त्याच वर्षी जुलैमध्ये, या मैदानासकट गोदीकाठच्या नव्या बांधकामांमुळे, युनेस्कोने लिव्हरपूलचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला, २००४ मध्ये मिळालेला, आणि तोवर जगात फक्त दोन ठिकाणांचा असा काढला गेला होता. ती किंमत पण आम्ही दिली. मग बदल्यात आम्हाला काय मिळालं, तर एक छोटं स्टेशन जे आधीपासून तिथेच होतं.

आता मागच्या मॅचचं सांगते, कारण त्यानंतरच मी लिहायला बसले. संध्याकाळची मॅच, पाऊस, मर्सी नदीवरून येणारा तो वारा जो जॅकेटमधून पण आत घुसतो. मॅच संपली, सगळे एकदम निघाले, आणि स्टेशनकडे जायला लोखंडी बॅरिकेड लावून नागमोडी रांग केलेली असते त्यात आम्ही अडकलो. मुलाला दमा आहे. त्याचा पंप माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात आणि माझा हात दोन माणसांच्या मध्ये असा दाबला गेलेला की वरच येईना, आणि तो खाली माझ्या कमरेपाशी, ओला निळा स्कार्फ तोंडावर धरून, शिट्टीसारखा श्वास घेतोय. मी हॉस्पिटलमध्ये रोज श्वास लागलेली माणसं बघते, तो आवाज मला ओळखू येतो. मी ओरडले. शेजारच्या तीन-चार बाप्यांनी पाठी टेकवून आमच्याभोवती कडं केलं, माझा हात मोकळा झाला, पंप दिला, थोड्या वेळाने तो शांत झाला. त्या अनोळखी माणसांनी केलं ते. बॅरिकेडच्या पलीकडे पिवळ्या जॅकेटमधला एक मुलगा होता, विशीतला असेल, तो फक्त पुढे सरका पुढे सरका म्हणत होता कारण त्याला दुसरं काही सांगितलेलंच नव्हतं, त्याच्यावर माझा राग नाही.

ही गर्दी कोणाला आधी दिसली नाही असं म्हणू नका महोदय. नकाशा बघितला तरी कळतं. गुडिसन घरांच्या मधोमध होतं, माणसं चारी बाजूंनी पांगायची. इथे पश्चिमेला नदी. म्हणजे ५२ हजारांच्या वर माणसं एकाच दिशेने बाहेर पडणार, आणि तीही हार्टलीच्या जुन्या दगडी भिंतीतल्या ठराविक दारांतून, रीजंट रोडवर. गोदीच्या जागेवर मैदान बांधायचं म्हणजे रस्ता, बस, रेल्वे सगळ्याचा हिशोब अर्ध्या बाजूचाच करावा लागतो. सँडहिल्स हे जवळचं स्टेशन, चालत पाव तास तरी, आणि नवीन चार डब्यांची गाडी घेतली तरी उभे-बसलेले धरून पाचशेच्या आसपास माणसं. दहा हजार लोक जरी रेल्वेने निघाले तरी वीस गाड्या लागतात. पोरं पण करतील हा भागाकार.

आणि चीड कशाची येते सांगू का, इथे रेल्वे होती! गोदीच्या दारासमोरून जायची. लिव्हरपूल ओव्हरहेड रेल्वे, १८९३ ला सुरू झाली, विजेवर चालणारी जगातली पहिली उन्नत रेल्वे, गोदी कामगार तिला स्वतःची छत्री म्हणायचे कारण पावसात तिच्याखालून चालत जायचे. १९५६ च्या डिसेंबरअखेर बंद केली. दुरुस्तीला २० लाख पौंडांच्या आसपास लागणार होते, कंपनीकडे नव्हते, दुसऱ्या कोणी दिले नाहीत, मग पाडून टाकली. आमच्या शेजारच्या आजीबाई अजून त्या गाडीच्या गोष्टी सांगतात. तेव्हा २० लाख वाचवले आणि आता त्याच रस्त्यावर शटल बस लावून कोंडी करताय.

स्टेडियमवर साडेसातशे मिलियन पौंड गेले म्हणतात, कोणी आठशे म्हणतं, खरा आकडा ज्याचा त्यालाच माहीत. त्यातलं आमच्या प्लॅटफॉर्मपर्यंत किती आलं? सँडहिल्स आणि मूरफील्ड्स या दोन स्टेशनांच्या मध्ये, व्हॉक्सहॉलला एक नवीन स्टेशन करायची कल्पना किती वर्षं कागदावर आहे, रूळ तर तिथून जातातच, फक्त गाडी थांबायला जागा करायचीय. विचारलं की क्लब म्हणतो आमचं काम मैदानाचं, कौन्सिल म्हणतं रेल्वे आमच्याकडे नाही, महापौरांचं ऑफिस म्हणतं पैसा लंडनहून यायला हवा, आणि लंडन म्हणतं स्थानिक प्रश्न आहे, स्थानिक पातळीवर सोडवा. प्रत्येकजण कानावर हात ठेवून उभा आणि मधल्या मध्ये आमची पोरं चेंगरतायत.

जून २०२५ मध्ये तुमच्या सरकारने आमच्या भागाला १.६ अब्ज पौंड जाहीर केले, वाहतुकीसाठी, त्यात विमानतळ आणि दोन्ही स्टेडियम, आमचं आणि लिव्हरपूल क्लबचं, जोडणाऱ्या वेगवान बसेस. चांगलं आहे, घोषणा झाली तेव्हा मला पण आनंद झाला होता. पण बस पण त्याच रस्त्यावरून जाणार ना जो मॅचच्या दिवशी बंद असतो किंवा माणसांनी भरलेला असतो? बस म्हणजे स्टेशन नाही.

आणि जे मॅचला जातच नाहीत त्यांचं काय. आजूबाजूला भलामोठा मॅचडे पार्किंग झोन केलाय, दुकानदार ओरडतायत गिऱ्हाईक येईना म्हणून. माझी एक मैत्रीण, माझी नाईट असते तेव्हा मुलाजवळ झोपायला येते, तिच्या गाडीला दंड लागला. तिने मॅच बघितली नाही, तिला ऑफसाइड म्हणजे काय ते पण माहीत नाही. अपील केलं, फेटाळलं. दंड वसूल करायची यंत्रणा पहिल्या दिवसापासून व्यवस्थित चालते, बघा. माणसं हलवायची यंत्रणा मात्र अजून "अभ्यासाधीन".

हे फक्त स्टेडियमचं नाहीये. लंडनच्या वेम्बली स्टेडियमला तीन स्टेशनं आहेत. लंडनला एलिझाबेथ लाइन ही नवी रेल्वे झाली, १९ अब्ज पौंडांच्या घरात गेली, उशीर झाला, खर्च वाढला, पण झाली. आम्हाला उत्तरेला काय, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरमध्येच उभं राहून तेव्हाच्या पंतप्रधानांनी सांगितलं की हायस्पीड रेल्वे मँचेस्टरपर्यंत येणार नाही. सरकार बदललं, माणसं बदलली, पण दर वेळी उत्तरेच्या तोंडाला पानं पुसायची सवय काही जात नाही. मी वीकेंडला ड्युटीवर असते तेव्हा बघते, पाठीला, गुडघ्याला लागलेली माणसं येतात, आयुष्यभर याच गोद्यांवर ओझी उचललेली. या गोद्यांवरून अख्ख्या देशाने पैसा कमावला. त्यांच्या नातवंडांना मॅच बघून धडपणे घरी जाता येऊ नये?

२०२८ च्या जूनमध्ये युरो कप आहे, आमच्या या स्टेडियमवर पण मॅचेस आहेत. बाहेरच्या देशांतून लोक येतील. तेव्हा घाईघाईत तात्पुरतं काहीतरी उभं कराल, रंग माराल, स्वयंसेवक नेमाल आणि स्पर्धा संपली की काढून न्याल, ही मला भीती आहे. आम्ही त्याआधी पण इथेच राहतो आणि नंतर पण राहणार आहोत.

मला हवंय ते एवढंच: व्हॉक्सहॉल स्टेशनला पैसे देणार की नाही ते हो किंवा नाही मध्ये सांगा, देणार असाल तर कधी ते तारखेसकट. तोपर्यंत सँडहिल्सच्या रांगेत लहान मुलं, म्हातारी आणि आजारी माणसं यांच्यासाठी वेगळी वाट करा, तिथे एक तरी प्रथमोपचार शिकलेला माणूस ठेवा, मॅचनंतर जादा गाड्या किती सोडल्या ते दर वेळी जाहीर करा. आणि रात्री कोणाची सोबत करायला आलेल्यांना दंड लावणं थांबवायला सांगा.

पुढच्या घरच्या मॅचचं तिकीट मुलाने आत्ताच काढून ठेवलंय, मी नको म्हटलं नाही. तुम्ही पण या. पण सरकारी गाडीने नको, मॅच संपल्यावर आमच्यासोबत त्या रांगेत उभे राहा.

आपली,
किर्कडेलची एक रहिवासी