आधी तासातून चालून बघ

घाटंजी तालुका, जि. यवतमाळ
2 जुलै

चि. मीनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "बाबा, पुण्याला आले ते माझं चुकलं" म्हणालीस आणि पुढे तुला बोलता आलं नाही. मलाही आलं नाही. मी फोन आईच्या हातात दिला आणि ओसरीत येऊन बसलो. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितो आहे. सावकाश वाच.

चुकलं असेल तर ते एकटीचं तुझं नाही, हे आधी सांगतो. गेल्या जूनमध्ये तुला अमरावतीलाच बी.एस्सी. करायचं होतं. पुण्याचं नाव मी काढलं. गावातली दोन पोरं तिकडे नोकरीला लागली होती, पारावर रोज पुण्याच्याच गोष्टी चालायच्या, आणि आपली पोरगीही तिकडेच शिकली पाहिजे असं मी मनात धरून बसलो. सरकीची थैली घ्यायची तर मी चौघांच्या वावरात जाऊन विचारतो, बोंड केवढं लागलं, वेचायला कसं आहे. तुझं कॉलेज मात्र माहितीपत्रकातले फोटो पाहून ठरवलं. तिथे शिकणाऱ्या एकाही पोरीला विचारलं नाही. ही गोष्ट मला वर्षभर सलते आहे. तू माझ्या शब्दाखातर गेलीस. त्या शब्दाचं ओझं आता तुझ्या डोक्यावर नको.

शुक्रवारी पहिल्या एसटीने अमरावतीला जाऊन आलो. तुला तेव्हा जायचं होतं त्याच कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली आणि सगळं नीट समजावून सांगितलं. दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असेल तरच घेतात. पुण्याच्या कॉलेजची टीसी लागते, पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागतं, दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. मग तुझा अभ्यासक्रम आणि त्यांचा अभ्यासक्रम समोरासमोर ठेवून बघतात. जे तू शिकली नाहीस ते नंतर भरून काढावं लागतं.

तुझी बॅच नव्या शैक्षणिक धोरणातली आहे, याचा तुला फायदा आहे. झालेल्या अभ्यासाची मोजणी आता क्रेडिटमध्ये होते. एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट, म्हणजे पहिल्या वर्षाचे 40 ते 44. ते क्रेडिट बँकेत तुझ्या नावावर जमा होतात. ही क्रेडिटची बँक 2021 मध्ये सुरू झाली, आणि तुझं खातं तू डिजिलॉकरवरून उघडलेलं आहेस. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीने घ्यायचा विषय) हा सांगाडा दोन्ही विद्यापीठांत सारखाच आहे, आतला मजकूर मात्र वेगळा. आणखी एक नियम त्यांनी सांगितला, तो लक्षात ठेव. ज्या ठिकाणची डिग्री घ्यायची, तिथे निदान निम्मे क्रेडिट मिळवलेले असावे लागतात. तू तीनातलं एकच वर्ष केलं आहेस. त्यामुळे हलायचंच असेल तर आत्ता सोपं आहे, पुढच्या वर्षी तितकं राहणार नाही. विषय तोच ठेवला आणि क्रेडिट जुळले तर वर्ष वाया जात नाही. विषयच बदलायचा म्हटलं तर जाऊ शकतं.

तिकडची जागा लेखी हातात आल्याशिवाय इकडे टीसीचा अर्ज देऊ नको. एकदा टीसी काढली की तू दोन्हीकडून बाहेर. बारावीची मूळ मार्कशीट कॉलेज अडवून ठेवील, असं तुझी मैत्रीण म्हणत होती ना? मूळ कागदपत्रं कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाने, 2018 मध्येच बजावलेलं आहे. त्या भीतीने अडू नको. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेज बदलल्यावर कसा भरायचा, ते मी समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन विचारून घेईन.

राहिली विद्यापीठाच्या नावाची गोष्ट. तुझ्या मोठ्या बाबांची डिग्री नागपूर विद्यापीठाची आहे. ते शिकले तेव्हा अमरावतीला विद्यापीठच नव्हतं, ते 1983 मध्ये निघालं. चाळीस वर्षांत त्यांना त्या कागदावरचं विद्यापीठ कोणतं म्हणून कोणी विचारलेलं मला आठवत नाही. गणित शिकवता येतं का, हे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

आता वावरातलं सांगतो, कारण मला तेच नीट कळतं. यंदा पाऊस आला, सरकी टोबली, आणि मग पावसाने दडी मारली. आठव्या दिवशी धुऱ्यावर उभा राहिलो तर सगळं वावर रिकामंच दिसलं. तुझी आई म्हणाली, वखर घाला आणि दुबार पेरा. मी म्हटलं, थांब. दोघं तासातून, म्हणजे सरकीच्या ओळीतून, चालत गेलो. जिथे खाडा, म्हणजे ओळीत रिकामी जागा, दिसला तिथे मी बोटाने माती उकरली. वरची माती वाळून तिला पापडी धरली होती. ती जरा उचलली की खाली पांढरा कोंब, मान वाकवून बसलेला. कुठे सरकी सडून मऊ पडली होती. कुठे दाणाच नव्हता, पाखरांनी नेला होता. एका तासात शंभर ठिकाणं मोजली, तीसेक खरोखर गेलेली निघाली. पावसाची एक सर आली, पापडी भिजली, कोंब वर आले. मग एकच थैली आणली, 901 रुपयांची, आणि खाडे भरले. वावर मोडलं नाही.

पण तीन वर्षांआधी नाल्याकाठच्या दोन एकरात उलटं झालं होतं. तिथे निम्म्याहून जास्त बी गेलं होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी मोजलं होतं. तरी मोडलं नाही, कारण बियाण्याचा आणि खताचा पैसा लागलेला होता. तो पैसा जीव सोडू देईना. मग निंदण पूर्ण वावराचं, डवरणी पूर्ण वावराची, फवारणीही तेवढीच, आणि कापूस घरी आला तो निम्मा. बियाण्याचे पैसे वाचवायला गेलो आणि हंगाम घालवला. म्हणून तुझी फी, रूमचं भाडं, मेस, जे काही गेल्या वर्षी लागलं, त्याचा हिशेब तू या निर्णयात धरू नको. राहिलीस तरी तो पैसा परत येत नाही, आलीस तरी येत नाही. लोक काय म्हणतील हेही धरू नको. लोकांना पोळ्यापर्यंत दुसरा विषय मिळेल.

प्रॅक्टिकलला एका कॉम्प्युटरवर तिघी बसता, आणि एका विषयाचे सर अर्ध्या सत्रात सोडून गेले ते दोन महिने कोणी आलंच नाही, हे तू सांगितलंस. हे मी सडलेलं बी समजतो. यात तुझा दोष नाही, आणि तू जीव ओतून ते उगवणार नाही. पण दिवाळीआधी तू म्हणायचीस की वर्गातलं इंग्रजी कळत नाही. होळीनंतर ते मी ऐकलं नाही. रूममधल्या पोरी बोलत नाहीत म्हणायचीस, आणि मेमध्ये त्यांच्यातल्याच एकीसोबत केलेल्या प्रोग्रामबद्दल वीस मिनिटं सांगत होतीस. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आवाज कळला. विषय तुझा मेलेला नाही, बाई. तो जिवंत आहे, एवढं मला पक्कं वाटतं.

तर एक आठवडा घे. वही काढ आणि एकेक गोष्ट लिही. अमरावतीला आल्याने काय सुटेल, आणि काय तुझ्यासोबत तिकडून इकडे येईल. तिथल्या सीनियर पोरींना विचार, दुसऱ्या वर्षाला कोण शिकवतं, लॅब मिळते का. अमरावतीच्या वर्गातल्या दोन पोरींचे नंबर मी ऑफिसातल्या बाईंच्या ओळखीने घेऊन ठेवले आहेत, त्यांनाही तेच विचार. गेल्या वर्षी जे मी करायला हवं होतं, ते आता आपण दोघं करू.

माझं मन विचारशील, तर तू अमरावतीला यावंस असं वाटतं. एसटीने सकाळी निघालं की दुपारच्या आत तुझ्या दारात. पुण्याला यायचं म्हणजे धामणगावहून रात्रभर गाडी. पण हे बापाचं मन आहे, तुझ्या शिक्षणाचा विचार नाही. म्हणून माझ्या या मताला तू वजन देऊ नको. राहायचं ठरवलंस तर फीचं मी बघतो. यायचं ठरवलंस तर टीसी काढायला मी स्वतः येतो, त्या ऑफिसात तू एकटी उभी राहायची नाहीस.

दुसऱ्या सत्राचा निकाल लागला की क्रेडिट खात्यात आले का ते बघून ठेव. आणि रविवारी रात्री फोन कर. या वेळी मी फोन आईकडे देणार नाही.

तुझे
बाबा