फिल्टर बदलल्यावर स्टार्ट न घेणारी गाडी

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तुझा निरोप मिळाला. डिझेल फिल्टर नवा, ऑइल नवं, सेल्फ जोरात फिरतोय आणि गाडी मात्र स्टार्ट घेत नाही. कालपर्यंत भरलेला माल ओढणाऱ्या गाडीचे इंजेक्शन पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल एका रात्रीत सहसा जात नाहीत. त्यामुळे पंप उतरवू नका. सर्व्हिसिंगमध्ये जिथे पाना लागला, तेवढंच आधी बघ.

सेल्फ मारताना एकाला सायलेन्सरकडे उभं कर. पांढरा धूर आला तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचत नाही. अशा वेळी पहिल्यांदा स्टॉप केबल, म्हणजे इंजिन बंद करायला ओढतात ती, बघ. ती अर्धवट ओढलेली राहिली, तर बाकीची सगळी मेहनत फुकट.

केबल ठीक असेल तर लाइनमध्ये हवा धरली आहे. तुझी गाडी जुन्या इनलाइन, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या यांत्रिक पंपाची, म्हणून काम सोपं. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर काढायचा बोल्ट एक-दीड फेरा ढिला कर आणि टाकीतून डिझेल खेचणाऱ्या फीड पंपावरचा हँडपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच बोल्ट आवळ. हात थांबवून आवळलास तर हवा परत आत जाते. मग इंजेक्शन पंपावरच्या बोल्टचीही हवा अशीच काढ. तरीही नाही झाली, तर दोन नोझलच्या पाइपांचे नट ढिले करून सेल्फ मार, डिझेल उसळलं की आवळ. तोंड लांब ठेव.

भावाच्या बीएस-6 गाडीवर हा शेवटचा प्रयोग चुकूनही करू नकोस. त्यातल्या कॉमन रेलमधला, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या एकाच पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडीत घुसते.

बुडबुडे संपतच नसतील, तर टाकी ते फीड पंप या भागात कुठेतरी हवा ओढली जातेय. तिथे बाहेर थेंबही दिसत नाही, कारण पंप खेचत असतो, ढकलत नसतो. फीड पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर असेल, तर त्याच्या डोक्याला जुनं रबर चिकटून राहून त्यावर नवं बसलंय का बघ. हे फार होतं. काढलेल्या बँजो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर जुनेच लावलेत का? नवे घाल, पैसे किरकोळ. एवढ्यावर भागलं नाही तर फीड पंपाला थेट स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी दे. त्यावर चालू झाली, तर दोष टाकीकडच्या पाइपात.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मग मिनिटभर विश्रांती. दोन्ही बॅटऱ्या मिळून मीटरवर 25 व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना 18 च्या खाली गेल्या तर आधी चार्ज कर.

चालू झाली की दहा मिनिटं चालू ठेव आणि फिल्टरखाली, ड्रेन बोल्टखाली हात फिरवून गळतंय का बघ. बंद करून थोड्या वेळाने ऑइलची काडी तपास. नव्या फिल्टरने ऑइल प्यायलेलं असतं, तेवढं वरून घाल.

तुझा,
सुभाष