कपाशी कॅलेंडर बघून वाढत नाही

संपादक महोदय,
परवा तुमच्या शेतीच्या पानावर कपाशीच्या अवस्थांचा तक्ता आला, उगवण, पाते (म्हणजे फुलाची कळी), फूल, बोंड सगळं दिवसांच्या चौकटीत बसवलेलं, पण झाड असं ओळीनं चालतच नाही ना. खालच्या फळफांदीवर बोंड भरत असतं तेव्हाच मधे फूल आणि शेंड्याकडे नुकती पाती, तीन अवस्था एकाच झाडावर! पाते ते फूल साधारण 3 आठवडे हे खरं, पण थंडी पडली की तेच लांबतं. फूल पहिल्या दिवशी पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी, एवढी साधी खूणही तक्त्यात नाही. पुढच्या वेळी पहिली फळफांदी खोडाच्या कितव्या पेरावर (गाठीवर) आली ते कसं मोजायचं हेही छापा, आणि फोटो जरा मोठा टाका, त्यात पाते आणि कोवळं बोंड सारखंच दिसत होतं.
— एक वाचक