दक्षिण सुदानच्या शांतिसेनेला कात्री लावताना

महोदय,

निधीअभावी जगभरातील शांतिसेनांमध्ये सुमारे एक चतुर्थांश कपात करण्याचे संयुक्त राष्ट्रांनी ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर केले. मराठवाडा त्या दिवसांत अतिवृष्टीच्या पंचनाम्यांत बुडालेला असल्याने ती बातमी आपल्याकडे फारशी कोणी वाचली नसावी. तथापि या कपातीची झळ दक्षिण सुदानलाही बसणार आहे आणि तिथल्या शांतिसेनेत भारतीय जवान मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे पत्र.

हा देश 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला. त्याच्या आदल्याच दिवशी सुरक्षा परिषदेने ठराव 1996 संमत करून तिथे 7,000 सैनिकांपर्यंतची शांतिसेना मंजूर केली. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठ्या आणि पक्क्या रस्त्यांची वानवा असलेल्या मुलखात हे बळ पुरणारे नव्हतेच. शिवाय नव्या सरकारला मदत करणे हे या सेनेचे एक मुख्य काम होते. डिसेंबर 2013 मध्ये राजधानी जुबात यादवी पेटली तेव्हा सरकारच त्या भांडणातील एक पक्ष ठरले. त्या महिन्यात अकोबो येथील तळावर, आश्रयाला आलेल्या नागरिकांवर हल्ला झाला आणि दोन भारतीय जवान शहीद झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गुमुरुकजवळ आपले पाच जवान धारातीर्थी पडले होते. तरीही शांतिसेनेने तळांची दारे उघडी ठेवली आणि पुढे दोन लाखांहून अधिक लोक त्या कुंपणाआड राहिले. जुलै 2016 मध्ये जुबात हीच सेना नागरिकांच्या मदतीला वेळेवर धावली नाही आणि त्यापायी सेनाप्रमुखाला पद सोडावे लागले, हेही विसरता येत नाही.

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावचे एक निवृत्त सुभेदार दक्षिण सुदानमधील मलाकालच्या तळावर राहून आले आहेत. गेल्या पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावता लावता ते सांगत होते की तिथली माती आपल्यासारखीच काळी, पावसाळ्यात ट्रकची चाके आसापर्यंत रुततात. खाणे ज्वारीचे, आणि माणसाची पत त्याच्या गुरांवरून ठरते. गुरे पळवण्यावरून तिथे गावेच्या गावे एकमेकांवर उठतात. भारतीय तुकडीतील पशुवैद्य आजारी गायींवर उपचार करीत, तेव्हा एरवी गस्तीच्या गाड्या पाहून घरात शिरणारी माणसे स्वतःहून जवळ येत आणि कुठे काय शिजते आहे ते सांगत. खर्चाच्या तक्त्यात मात्र असा दवाखाना किरकोळ बाब म्हणूनच दिसत असावा.

घाईने सेना काढून घेतल्यास काय होते, याचे उदाहरण पूर्व तिमोरचे आहे. तो देश 20 मे 2002 रोजी स्वतंत्र झाला आणि बरोबर तीन वर्षांनी शांतिसेना संपवून तिथे केवळ एक छोटे राजकीय कार्यालय ठेवण्यात आले. वर्षभरातच सैन्यातून काढलेल्या सुमारे 600 सैनिकांवरून राजधानी दिली येथे रक्तपात झाला, परदेशी फौजा पुन्हा बोलवाव्या लागल्या आणि नवे मिशन 2012 अखेरपर्यंत ठेवावे लागले.

आपला मराठवाडा ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानात 17 सप्टेंबर 1948 नंतर लष्करी प्रशासन आले, त्यानंतर मुलकी कारभार आणि 1952 मध्ये निवडणूक. आपल्या पाठीशी एक उभा देश होता. दक्षिण सुदानच्या पाठीशी तसे कोणी नाही, आणि तिथली पहिली निवडणूक वारंवार पुढे ढकलली गेली आहे. म्हणून जवान पाठवणारा देश या नात्याने भारताने न्यूयॉर्कमध्ये स्पष्ट मागणी करावी की, कपात अटळच असेल तर ती मुख्यालयातील पदांपासून सुरू व्हावी. दूरच्या तळांवरील गस्त, रस्ते दुरुस्त करणारे अभियंते आणि गुरांचे दवाखाने यांना निवडणूक पार पडेपर्यंत हात लावू नये.

– एक निवृत्त शिक्षक, जि. परभणी