इंधनावरचा व्हॅट टक्क्यांत नको, रुपयांत घ्या

माननीय अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

पुण्यात जुन्या चारचाकींच्या खरेदी-विक्रीचा माझा व्यवसाय आहे. पूर्वी गिऱ्हाईक गाडीचं पासिंग कुठलं, मालक किती झाले, हे विचारायचं. आता बॉनेटच्या आधी डिकी उघडायला लावतात. सीएनजीची टाकी कंपनीची आहे की बाहेरून बसवलेली, ते पाहायला. उत्तम निगा राखलेली पेट्रोल सेडान महिनोन्महिने उभी राहते. हडपसरहून हिंजवडीला रोज जाणारा माणूस हप्त्यात पेट्रोलचा खर्च मिळवतो आणि ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून निघून जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याचं स्वागतच आहे. पण गाडी घेणं एकवेळ जमतं, चालवणं परवडत नाही.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येतं आणि ते डॉलर मोजून घ्यावं लागतं. पिंपात साधारण १५९ लिटर तेल असतं. पिंपाचा भाव ७० डॉलर धरला, तर डॉलर एका रुपयाने महागला की लिटरमागे ४४ पैसे वाढतात. तेलाचा भाव तिकडे तसूभरही हललेला नसतो. चाकणला जोडणी होणाऱ्या महागड्या गाड्यांच्या आयात सुट्या भागांचंही तेच. रुपया घसरला की किंमत वाढते. हे काही आपल्या हातात नाही, मान्य.

पण यापुढचं आपल्याच हातात आहे. केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत: जुलै २०२४ पासून पेट्रोलवर २५ टक्के, डिझेलवर २१ टक्के. तोही केंद्राचं शुल्क धरून होणाऱ्या रकमेवर. म्हणजे डॉलर १० रुपयांनी चढला आणि ती वाढ पंपापर्यंत पोचली, तर पेट्रोल ४ रुपये ४० पैशांनी महागणार आणि वर राज्याचे १ रुपया १० पैसे आपोआप वाढणार. ना विधिमंडळात चर्चा, ना मंत्रिमंडळाचा निर्णय. तेल कंपन्या दर कधी रोखून धरतात, हे खरं. पण ज्या दिवशी ते वाढतील, त्या दिवशी हा भार आमच्यावर येणारच. रुपयाच्या घसरणीतून राज्याच्या तिजोरीत भर पडावी, हे मला मुळीच पटत नाही.

पेट्रोलवर लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा वेगळा कर राज्य आजही घेतं. म्हणजे ठरावीक रुपयांत कर घेण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. संपूर्ण व्हॅट तसाच करावा, डिझेललाही तीच पद्धत लावावी, ही माझी मागणी आहे. आज जेवढी रक्कम मिळते तेवढीच ठरवा. तिजोरीला तोटा नाही. कच्चं तेल स्वस्त झालं तरी उत्पन्न घटणार नाही. उद्या जास्त पैसे लागले, तर अर्थसंकल्पात तसं सांगून वाढवा. आम्हाला निदान कळेल तरी की वाढ कोणी केली आणि कशासाठी.

येत्या अर्थसंकल्पात हा बदल करावा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
पुण्यातील एक वाहन विक्रेता