ग्लॉकनरचा घाट

म्युनिक, जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या उन्हाळ्यात तू आणि वहिनी येताय, फार आनंद झाला. व्हेनिसला गाडीनेच जायचं म्हणतोस, तर माझं ऐक. बोगद्यांचा झटपट रस्ता सोड आणि ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनरचा घाट घे. नुकताच जाऊन आलो, अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

१९३५ साली सुरू झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरांचा, आणि त्यात ३६ हेअरपिन वळणं. अभियंता फ्रांत्स वालाक याने तो आखला तोच मुळी डोंगर दाखवण्यासाठी, आणि ते वळणावळणावर जाणवतं. आधी सूचीपर्णी झाडांचं दाट रान, मग झाडं खुजी होत जातात, मग नुसती कुरणं, आणि शेवटी खडक नि बर्फ. एडेलवाइसश्पिट्झेच्या २५७१ मीटरच्या माथ्यावर जाणारा शेवटचा टप्पा दगडी फरसबंदीचा आणि अरुंद आहे, पण तो चुकवू नकोस. वर उभं राहिलं की तीन हजार मीटरवरची तीसहून अधिक शिखरं दिसतात. मला तर बोलवेना.

खरं सांगायचंय ते पास्टर्झे हिमनदीबद्दल. मुख्य रस्ता सोडून एक फाटा तिच्याकडे जातो, समोर ३७९८ मीटरचं ग्रोसग्लॉकनर शिखर. १९६३ साली पर्यटकांना बर्फाच्या काठाशी नेण्यासाठी तिथे उतारावरची छोटी रेल्वे बांधली होती. आता तिच्या खालच्या स्टेशनपासूनही बर्फ कितीतरी खाली गेलाय. मधल्या उघड्या, करड्या दगडांकडे पाहून पोटात कालवलं. ऑस्ट्रियातली ही सर्वांत मोठी हिमनदी, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत आटतेय. म्हणून म्हणतो, आणखी चार-पाच वर्षांनी पाहू असं करू नकोस.

टोल सणसणीत आहे, पण दिवसभर रेंगाळता येतं. रस्ता साधारण मे ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडा असतो, तोही रात्री बंद. सकाळी लवकर निघ, दुपारनंतर ढग शिखरं झाकतात. हायलिगेनब्लूट गावाकडे उतरताना गाडी दुसऱ्या गिअरवर ठेव, नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ते तापतील. वहिनींना सांग, हिमनदीपाशी मारमॉट दिसतात, खारीच्या कुळातले गुबगुबीत प्राणी. त्यांना खायला मात्र काही घालू नका.

तारखा ठरल्या की लगेच कळव, मीही रजा टाकतो. काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझाच,
अविनाश